धुराड्यातला बूट

आर्थर गॅरडचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. तीस वर्षं गवंडीकाम केलं, एक खाडा नाही. एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या ऑक्टोबरात इंग्लंडातल्या आमच्या सफोकमधल्या गावच्या ‘बेल’ पबचं धुराडं उतरवून पुन्हा बांधायचं काम त्याच्याकडे आलं. पब चारशे वर्षांचा. ओकच्या तुळया वाकलेल्या, एकही भिंत ओळंब्यात सरळ नाही.

विस्तवाच्या जागेच्या वर, हात कोपरापर्यंत घातला तरच लागेल अशा कोनाड्यात, लहान मुलाचा बूट निघाला. एकच. अंगठ्याशी झिजलेला.

घराला बाधा होऊ नये म्हणून जुने गवंडी धुराड्यात बूट चिणत. सापडला तर जागचा हलवायचा नाही, हे आर्थरला बापाने शिकवलं होतं. पण कामाच्या घाईत आर्थरने तो खिडकीत ठेवला, आणि मालक बर्ट थर्केटलने इप्सविचच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात विकून टाकला.

जुनी वीट एकेक घासून आर्थरने धुराडं उभं केलं. थर सरळ, सांधे भरीव. तरी धूर खोलीतच उतरे. सळई घातली, अडथळा नव्हता. माडीवर मात्र पावलं वाजू लागली. एक बुटाच्या टाचेचं, एक अनवाणी. गिऱ्हाईक बाहेरच्या बाकावर कुडकुडत बसे, पण आत येईना.

“आर्थरबुवा, फसलं की तुमचं धुराडं!” बर्ट म्हणाला.

“बांधकाम बरोबर आहे. चूक दुसरी झाली. बूट कुणाला विकलास?”

“येड लागलं काय? पोराचा फाटका बूट तो!”

“पोराचाच. ते शोधतंय त्याला.”

बर्ट हसायला गेला. माडीवर पाऊल वाजलं, तसं त्याने दुकानाचं नाव सांगितलं.

आर्थर घरी निघाला, तर ती पावलं त्याच्या घराच्या फाटकापर्यंत मागे आली.

शनिवारी तो बसने इप्सविचला गेला. दुकानदाराने त्याचं तोंड पाहून किंमत चढवली. आर्थरने घासाघीस केली नाही. रविवारी त्याने स्वतःच्या हातचे दोन थर फोडले, बूट कोनाड्यात ठेवला, पुन्हा विटा बसवल्या. सांधे पहिल्याइतकेच भरीव.

विस्तव पेटवला. धूर सरळ वर गेला. माडीवर चार पावलं वाजली, चारही टाचेची. मग काही नाही.

दोन आठवड्यांची सारी मजुरी त्या बुटात गेली. बूट अजून भिंतीत आहे.