नालीतला पिवळा डबा

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता आठवतही नाहीत. भिलाईजवळच्या मरोदा वस्तीतल्या एका स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर मात्र विसरता आलेलं नाही.

मी तेव्हा भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिपायांची सकाळची गणती चालू असतानाच दवाखान्यातून मेमो आला. पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेले सत्तरीचे गृहस्थ, नाकातून आणि लघवीतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, प्रकृती गंभीर. मागोमाग त्यांची दुर्गला दिलेली मुलगी रडत ठाण्यात आली.

"वहिनीनं बाबाले काहीतरी चारलं, साहेब. रोज दुधात पिवळं-पिवळं कालवून देत होती. इचारलं तर बोलत नोती."

रोजनामच्यात नोंद करतो न करतो तोच त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला, "साहब, बहू ने अभी-अभी नाली में डब्बा फेंका है."

एवढं हाती लागलं की पोलिसाच्या डोक्यात आरोपपत्र आपोआप टाइप होऊ लागतं. माझ्याही झालं. डबा पंचांसमोर नालीतून काढून जप्त केला. तळाशी पिवळं चूर्ण चिकटलं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार होता, आणि मला धीर कमी.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करायची असते. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी सुनेसमोर तिच्याच स्वयंपाकघरात बसलो. नवरा रसमड्याच्या कारखान्यातून थेट दवाखान्यात गेला होता. चार वर्षांची मुलगी आईच्या पदराला धरून उभी.

"डबा कावून फेकला?" मी तिच्याच बोलीत विचारलं. उत्तर नाही.

"कोणी दिला होता?" तरीही नाही. मी टेबलावर हात आपटला. मुलगी दचकून रडायला लागली. त्याची लाज मला आजही वाटते.

"साहेब, मले घेऊन चला," सून म्हणाली. "पन दुसऱ्या कोनाचं नाव नका इचारू."

इथे मी थबकलो. गुन्हेगार अंगाशी आलं की आधी दहा जणांची नावं पुढे करतो. ही एक नाव पोटात धरून तुरुंगात जायला तयार होती. मी आवाज उतरवला, पाणी मागितलं, आणि पिता पिता नजर कॅलेंडरवर गेली. प्रत्येक तारखेखाली बारीक, सुबक अक्षरात 'ए' आणि 'बी', त्यापुढे बरोबरची खूण. शेवटच्या पंधरा दिवसांत 'ए डबल'.

"हे कोणाचं अक्षर?"

"मामाजीचं," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. तिचा बांध फुटला. "चाळीस वर्सं शिफ्ट ड्यूटी केली त्यायनं. औषधाच्याबी शिफ्टच लावल्या. ए शिफ्टले दुधातलं चूर्ण, बी शिफ्टले दवाखान्याची गोळी. दोघं एकमेकाले भेटलेच नाही पायजे, म्हनत."

"आणि डबल?"

"गुडघे लय दुखत होते. एप्रिलच्या मिरवणुकीत पायी चालायचं होतं त्यायले. मी नको म्हटलं, पन ऐकतीन तर ना!"

चूर्ण तिच्या वडिलांनी व्याह्यांसाठी गोंदियाकडच्या गावात स्वतः कुटून पाठवलं होतं. पोलीस आपल्या बापाला उचलतील, या भीतीने तिने डबा फेकला. मी तिथूनच त्यांना फोन लावला. त्यांनी काही न लपवता सांगितलं, "लसूण, हळद, गुग्गुळ. बिगडलं का काही, साहेब?"

डॉक्टरांना हे कळवलं तेव्हा उलगडा झाला. हृदयाची झडप बदलल्यापासून त्या गृहस्थांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. "दर वेळी विचारायचो, आणखी काही घेता का? ते नाही म्हणायचे. या गोष्टी एवढ्या प्रमाणात घेतल्या की गोळीचा जोर वाढू शकतो. वेळ वेगळी ठेवून काय उपयोग? रक्ताला शिफ्ट नसते, साहेब."

कारण कळलं, उपचाराला दिशा मिळाली, म्हातारबुवा वाचले. पुढे अहवालातही विष निघालं नाही. वॉर्डात ते मला म्हणाले, "सुनेले काही बोलू नका. डाक्टर रागावतीन म्हनून मीच लपवलं, तिलेबी कोनाले सांगू देलं नाही." दुर्गची मुलगी वहिनीचा हात धरून बराच वेळ रडली.

या प्रकरणात लबाड असं कोणीच नव्हतं. सुनेच्या वडिलांची माया खरी, सुनेची सेवा खरी, म्हाताऱ्याची शिस्त तर सरकारी दप्तराला लाजवेल अशी. फक्त ज्याला सांगायला हवं, त्यालाच कोणी सांगितलं नाही. तेवढ्यावर एक जीव जाणार होता, आणि एका लेकराची आई मी घेऊन जाणार होतो.

जबाबावर सही घ्यायला गेलो तेव्हा सुनेने चहा ठेवला. मी म्हटलं, "साखर नको. शुगरची गोळी चालू आहे."

तिने कपात चहा ओतता ओतता विचारलं, "गोळीसंग आनखी काही घेता का, साहेब?"

कित्येक महिने मी रोज सकाळी कारल्या-जांभळाचा रस पीत होतो. गस्तीवर दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, ती मी उन्हावर ढकलली होती. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी तीही इथेच, अशीच गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी रसाची बाटली पिशवीत घालून दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांसमोर माझा जबाब दिला.