हात मिळवला की संपलं

इंग्लंडमधल्या आमच्या गल्लीतलं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं सभागृह विकलं गेलं. शेजारच्या एडिथबाई मला तिथल्या शेवटच्या सभेला घेऊन गेल्या. या पंथात पाद्री नाही, भजन नाही. सगळे लाकडी बाकांवर गप्प बसतात. ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलावं. अशाच शांततेतून उठून यांच्या पूर्वजांनी गुलामांच्या व्यापाराला नाही म्हटलं, युद्धाला नाही म्हटलं, राजासमोरही टोपी काढली नाही. आज बाकांवर मोजकीच पिकली डोकी होती. कुणीतरी उठावं, निदान या भिंतींचा निरोप घ्यावा, असं मला सारखं वाटत होतं. कुणीच उठलं नाही. जगात बडबडायला जागा कमी आहेत का? गप्प बसायला ही एक होती, तीही चालली.

वडीलधाऱ्याने शेजाऱ्याशी हात मिळवला की सभा संपते, अशी इथली रीत. आज तो मान एडिथबाईंचा होता आणि शेजारी मी होतो. तास उलटून गेला, तरी त्यांचे हात मांडीवरच.

"एडिथबाई, वेळ झाली," मी हळूच म्हणालो.

"ठाऊक आहे रे. पण मी हात पुढे केला की संपलंच."

मी माझा हात मुकाट्याने खिशात घातला.