माझं राष्ट्रीयत्व : व्हिएतनामी

आमच्या गावात कुणाला कसलाही अर्ज भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळच्या एका शाळेत मास्तर. रेशनकार्ड म्हणू नका, जातीचा दाखला म्हणू नका, सगळं भरून देतो आणि भरताना थोडं व्याख्यानही देतो. त्यामुळे लग्नानंतर बायकोच्या व्हिसाचा अर्ज मीच भरणार, याबद्दल माझ्या तरी मनात शंका नव्हती.

ती व्हिएतनामची. आमच्याकडचे धानाचे जुने वाण अभ्यासायला संशोधनाच्या व्हिसावर आली आणि दोन हंगाम आमच्याच गावात राहिली. माझ्या आईबरोबर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोपांची रोवणी करता करता तिने इथली बोली उचलली, आणि पुढे मलाही. लग्न चंद्रपूरला नोंदणी पद्धतीने झालं. पण व्हिसा संशोधनाचाच राहिला होता आणि तीन महिन्यांत संपणार होता. भारतीय माणसाची बायको म्हणून राहायचं, तर तो बदलून घेणं भाग होतं.

अर्ज ऑनलाइन होता. ती म्हणाली, "मी पाहू का एकदा?"

"तुले नाई समजणार. सरकारी भाषा आहे."

अर्ज इंग्रजीत होता. तिचा प्रबंधही इंग्रजीतच होता, हे मला नंतर आठवलं.

'जोडीदाराचे राष्ट्रीयत्व' असा एक रकाना आला. माझी जोडीदार व्हिएतनामी, म्हणून मी ठसक्यात 'व्हिएतनामी' भरलं. अर्ज तिचा आहे, म्हणजे जोडीदार मी, एवढं काही डोक्यात शिरलं नाही. काही दिवसांनी अर्ज परत आला. कागदोपत्री मूल तालुक्यात दोन व्हिएतनामी नांदत होते, आणि त्यातल्या एकाकडे तर व्हिसाच नव्हता.

मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. ओसरीवर बसून कॅलेंडरावर बोट फिरवत म्हणाली, "मले वापस धाडलं त रोवणीच्या आधी येता येईन का?"

तेव्हा माझं हसू गेलं. माझ्यासाठी तो चुकलेला रकाना होता. तिच्यासाठी घर होतं.

दुसऱ्यांदा अर्ज तिने भरला. मी फक्त फोटो काढले, त्यातले दोन अंधुक आले.

मग लग्न खरं आहे का, याची चौकशी करायला एक हवालदार घरी आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाचा अल्बम मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यांनी बायकोची जन्मतारीख विचारली. मी महिना चुकलो. सासूचं नाव विचारलं. ते मला आजवर नीट उच्चारता आलेलं नव्हतं. मी तीन प्रकारे म्हणून पाहिलं. हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

"गुरुजी, लग्न तुमचंच झालं ना?"

मी अल्बम उघडून पुढे धरला. बायको आईसोबत बांधीत होती, म्हणून ते तिकडे निघाले. मी अल्बम घेऊन मागोमाग.

बांधावरून त्यांनी आईला हाक मारली. "बाई, तुमची सून इथीच राह्यते का?"

"थे इथीच राह्यते," आई कंबर सरळ करत म्हणाली. "हाच घरी दिसत नाई. लोकायचे फॉर्म भरत फिरते."

मग त्यांनी बायकोला माझी माहिती विचारली. तिने माझी जन्मतारीख, रक्तगट, शाळेत रुजू झालो ते वर्ष, सगळं चिखलात उभ्या उभ्या सांगितलं. वर म्हणाली, "भाऊ, ऊन लय आहे. काऊन उभे आहा? घरी चला, चहा घ्या."

हवालदार हसले. चहा पिऊन, सही घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "तारीख पाठ करा, गुरुजी."

जुना व्हिसा संपायला आठवडा असताना नवा मंजूर झाल्याचं तिच्या मोबाईलवर आलं. तिने आधी आपल्या आईला फोन लावला. दोघी किती तरी वेळ बोलत होत्या, मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, फक्त ती रडत रडत हसत होती. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "आण, काही चूक तर नाई ना, बघतो."

"मी वाचलं," ती म्हणाली आणि मोबाईल पदराआड केला.