पास झालेले खांदे

रहिमतपूरच्या पंचक्रोशीत माझ्या थोरल्या मेहुण्यांइतके फोटो दुसऱ्या कुणाचेच निघाले नसतील, आणि त्यांतल्या एकाही फोटोत ते कुणाला ओळखू येत नाहीत. हे सगळे फोटो मी काढलेले, तेव्हा दोष माझाच, असं त्यांची बहीण, म्हणजे माझी बायको, तेव्हा म्हणत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत आसपासच्या वीसएक घरांच्या भिंतींवर माझे मेहुणे खाकी कोट घालून, छाती काढून, गुडघ्यांवर पंजे टेकून बसले होते. फक्त प्रत्येक घरात त्यांच्या खांद्यांवरचं डोकं दुसऱ्याचं होतं.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझी थोडी नाचक्की सांगावी लागेल. माझे वडील सांगलीच्या पेठेत हळदीच्या पेढीवर तराजू सांभाळायचे. मीही पोती मोजायला लागावं, एवढीच त्यांची इच्छा. मी मात्र तिथल्या एका स्टुडिओत फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायला राहिलो आणि दोन वर्षांनी स्वतःच फोटोग्राफर झालो. "समदं जग उजेडाकडं तोंड करतंय आन् आमचं पोरगं फडक्यात डोस्कं खुपसतंय," असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पहिल्या वर्षी मी सांगलीतल्या बऱ्याच प्रतिष्ठित मंडळींचे डोळे मिटलेले फोटो काढले. एका नवरदेवाचा मुंडावळ्यांसकट अर्धा फेटा कापला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी म्हणायचो, इथला उजेडच चांगला नाही. माझं लग्न झाल्यावर सासऱ्यांनी हे फार मनावर घेतलं. "मग आमच्याकडचा उजेड बगा," म्हणून त्यांनी रहिमतपूरच्या पेठेत मला एक माडी पाहून दिली, आणि मी कॅमेरा, त्याचं तिकाटणं आणि राजवाड्याचा जिना रंगवलेला पडदा घेऊन सातारा जिल्ह्यात आलो. उजेड बदलला. बाकी काही फारसं बदललं नाही.

सासरवाडी तिथून दोन मैलांवरच्या खेड्यात. ऊसवाले लोक, पण अभिमान उसाचा नाही, पलटणीचा. सोप्यातल्या भिंतीवर ओळीनं फोटो होते: सासरे, चुलत सासरे, दोघे धाकटे मेहुणे, सगळे वर्दीत. ओळीच्या शेवटी एक नुसता खिळा होता. तो थोरल्यांचा. "माझ्या दादाचा फोटो त्या खिळ्याला लावून दाखवा, मग म्हणा स्वतःला फोटोग्राफर," असं बायकोनं मला पहिल्याच दिवाळसणाला सुनावलं. मला ते अगदी सोपं वाटलं होतं.

मेहुण्यांना लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडावर वण राहिले आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. भरतीच्या वेळी उंचीला पास, छातीला पास, वजनाला पास. डॉक्टरनं डोळा पाहिला आणि घरी पाठवलं. तेव्हापासून त्यांनी फोटोची गोष्ट काढू दिली नाही. मी म्हटलं, "दादा, डोळा मी ब्रशनं असा नीट करतो, की कुणाला कळणार नाही." ते हसले. "मग ते तोंड माझं कसं व्हईल, पाव्हणं? ते तुमचंच की." आणि एकदा फारच मागं लागलो तेव्हा म्हणाले, "आवं, आमचं तोंड सरकारनं नापास केलंय. खांदं पास हायती. पास झालंय तेवढं घ्या, त्येला माझी ना न्हाई."

हे ते थट्टेनं म्हणाले, पण माझा धंदा त्यावरच उभा राहिला. घरोघरची पोरं लढाईवर गेलेली. आई-बाप माडीवर यायचे, सोबत छावणीतून आलेला पोराचा टिकलीएवढा फोटो, आणि म्हणायचे, आमच्यासंगं ह्येला बसव. मग घरच्यांच्या मधोमध मेहुणे सासऱ्यांचा जुना लष्करी कोट घालून बसत. मी फोटो काढी, पोराचं तोंड मोठं करून कापी, मेहुण्यांच्या तोंडावर चिकटवी, मानेचा सांधा ब्रशनं झाकी आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो घेई. पहिल्या खेपेला मी तोंड इतकं लहान कापलं की म्हातारा बराच वेळ पाहून म्हणाला, "पोराचं डोस्कं लढाईत झिजलं काय रं?" पुढं हात बसला. तरी एक जण रजेवर आला तेव्हा त्याच्या आईनं त्याला महिनाभर तूप पाजलं, कारण फोटोतल्या खांद्यांच्या मानानं पोरगं निम्मं झालं होतं. तो बिचारा मला येऊन विचारत होता, "एवढा मी कवा व्हतो?"

मेहुणे हे काम नुसतं बसण्याचं समजत नसत. बसण्याआधी ते आईबापांची उलटतपासणी घेत. पोरगं ताठ बसतंय का पोक काढून? डावरं हाय का? कुठं लागल्याची खूण हाय का? आणि मग तसे बसत. पोराची बायको फोटोत असली, तर तिला दुसऱ्या टोकाला सासूपलीकडं बसवत. "परक्याच्या लक्ष्मीजवळ आपुन बसत न्हाई, तोंड कुनाचं बी लावा." कोट मात्र लगेच उतरवत नसत. बाजारातून एक चक्कर मारून येत, वाटेत पोलीस दिसला की खाडकन सलाम ठोकत, आणि त्यानं उलट ठोकला की दिवसभर खुशीत असत. भिंतीवर चढलेल्या सगळ्यांना ते "आपली पलटन" म्हणत. दर बाजाराच्या दिवशी पोस्टापाशी उभे राहून कुणाचं पत्र आलं, कुणाचं नाही, याची चौकशी करत. ज्यांचं पत्र येत नसे त्यांच्या घरी स्वतः चालत जात.

त्यांची एकच खोड मला छळायची. लेन्सची टोपी काढली की मी "हलू नका" म्हणून तीन आकडे मोजायचो, आणि त्या तीन आकड्यांत सगळी मंडळी श्वास कोंडून बसलेली असताना मेहुणे मजेत बोलत राहायचे. बैलाच्या खुराची गोष्ट, उसाची गोष्ट, मला टोमणे. मी ओरडलो की म्हणत, "बोलू द्या की. तोंड कुठं ऱ्हातंय माझं?" ते खरंच होतं. गळ्याखाली त्यांचा केसही हलत नसे आणि वर तोंडाचा पट्टा चालू. जे तोंड कापूनच टाकायचं, त्याला गप्प तरी कशाला करा, म्हणून मीही पुढं नाद सोडला. इकडं सोप्यातला खिळा तसाच, आणि दर सणाला बायको त्याच्याकडं बघायची आणि मग माझ्याकडं.

लढाई संपली. पोरं परतायला लागली आणि घरची मंडळी खऱ्या पोरासकट नवे फोटो काढायला आली. जुने उतरले. एकेका भिंतीवरून आपण खाली येतोय याचा मेहुण्यांना इतका आनंद की येईल त्याला माडीवर स्वतः चढवून आणत.

अशाच एका बाजाराच्या दिवशी, दुपारी, विट्याकडच्या दुष्काळी मुलखातली एक धनगराची म्हातारी माडी चढून आली. काखेत फडक्यात गुंडाळलेला फोटो. तीन वर्षांपूर्वी मीच काढलेला: म्हातारी, आणि शेजारी तिच्या लेकाचं तोंड लावलेले मेहुणे. मी आपला नेहमीसारखा उत्साहात विचारलं, "काय आजी, आला का मुलगा?"

"न्हाई आला," ती म्हणाली. "न्हाई यायचा. सरकारचा कागद आला."

तिनं फोटो माझ्यापुढं ठेवला आणि लेकाच्या उजव्या हातावर बोट टेकलं.

"ह्ये बोट कुनी लावलं?"

मला काही समजेना. तिनं सावकाश सांगितलं. लोकर कातरताना तिच्या लेकाची करंगळी गेली होती. त्या दिवशी मेहुण्यांनी खूण विचारली तेव्हा तिनं ते सांगितलं होतं, आणि फोटो होईपर्यंत मेहुणे करंगळी मुडपून बसले होते. त्यांचं ते बोलणं झालं तेव्हा मी आतल्या खोलीत प्लेट भरत होतो. नंतर छापताना मला चारच बोटं दिसली. फोटोत कसर राहिली असं समजून या शहाण्यानं ब्रश घेऊन एक सुबक करंगळी काढून दिली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम म्हणून मी ती करंगळी दोघातिघांना दाखवलीही होती.

"आजी, तेव्हाच का नाही बोललात?"

"तवा लेक येनार व्हता की," म्हातारी म्हणाली. "म्हनलं, आल्यावर दावू त्येला, हसंल. आता ह्यो एकच हाय माझ्याजवळ. बोट काढ बाबा तेवढं."

मी चाकूच्या टोकानं ती करंगळी खरवडायला बसलो. मला माझीच लाज वाटत होती. ते होतंय तोवर मेहुणे जिना चढून आले आणि म्हातारीला पाहून नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "आये! आला का आपला गडी?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. मेहुणे जागच्या जागी खाली बसले.

म्हातारीनं त्यांचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि करंगळी चाचपली. "तू मुडपली व्हतीस. म्या बघितलं व्हतं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "ह्येचा आन् माझा फोटू काढ. लेकाच्या जागी न्हवं. ह्येचा ह्येचाच."

मेहुणे नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "कोट घालू?" म्हातारी म्हणाली, "कशाला?" ते आपल्या मळक्या पैरणीत तिच्याशेजारी बसले, आणि मी फडक्यात डोकं घातलं तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेवर त्या खांद्यांवरचं त्यांचं स्वतःचं तोंड, कापायचं नाही म्हणून, पहिल्यांदाच नीट पाहिलं, वणांसकट, डोळ्यातल्या फुलासकट. प्लेटांची तेव्हा फार टंचाई. माझ्याकडं शेवटचीच एक होती. मी हात जोडून म्हटलं, "दादा, आज हलू नका. आज बोलू नका." त्यांनी मान डोलावली. मी टोपी काढली. एक. दोन.

"आये, दिवाळीला येऊ काय गं?" मेहुणे तिच्याकडं मान वळवून म्हणाले.

काच धुतली तेव्हा म्हातारीची सुरकुती न् सुरकुती आली होती. मेहुण्यांचे खांदे, पैरणीची बटणं, तिच्या मांडीवरचा हात, पाचही बोटं, सगळं स्वच्छ. तोंड मात्र पार पुसलेलं. मी भीत भीत प्रत घेऊन तिच्या गावी गेलो. तिनं फोटो उजेडात धरला आणि कितीतरी वेळ पाहिला. "बोलतोया न्हवं," ती म्हणाली. "आसाच हाय त्यो. आता ह्यावर कुनाचं तोंड चिकटवू नगंस."

ती होती तोवर मेहुणे दर दिवाळीला तिच्याकडं जात राहिले. दुसरा फोटो त्यांनी कधी काढू दिला नाही. "एक हाय की," म्हणत. आता ते नाहीत. त्या एका काचेची दुसरी प्रत सोप्यातल्या त्या खिळ्याला आहे, वर्दीतल्या ओळीच्या शेवटी, पैरणीत. बायको दर दिवाळीला काच पुसते आणि मला काही बोलत नाही. नवा कुणी पाहुणा आला की हमखास विचारतो, हा एवढा चांगला फोटो बिघडवला कुणी? मी म्हणतो, मी. ते तोंड हललं तेव्हा ते काय विचारत होते, हे ऐकलेला आता मी एकटाच उरलो आहे.