बांधावरची डाळिंबं

मंद्रूपच्या शाळेत शिकवायला जाताना तो म्हातारा मला रोज दिसायचा. बागवाल्यांनी बांधावर फेकलेली, तेल्या रोगानं काळी पडून तडकलेली डाळिंबं तो एका हातानं कंबर धरून उचलायचा आणि पोत्यात भरायचा. दुसऱ्या दिवशी तिथं नवी पडलेली असायची. शेळ्यांसाठी नेत असेल, असं मी धरून चाललो होतो.

एकदा गाडी थांबवून विचारलंच.

"खड्ड्यात पुरतो, मास्तर. हितं पडली तर रोग समद्यांच्या बागंत शिरतोय. मिटिंगला सगळे व्हय म्हनत्यात, उचलत कुनीच न्हाय."

"तुमची बाग कुठली, मामा?"

"काढून टाकली की. समदी गेली रोगानं."

"मग आता कशाला एवढं?"

त्यानं पोत्याचं तोंड आवळलं.

"मी बी लई वर्सं हितंच फेकत हुतो."