उलटेरावांचा डावा दांडा

आमच्या साडूभाऊंइतका सरळ माणूस सबंध सिल्लोड तालुक्यात सापडणार नाही, आणि नेमक्या त्याच माणसाला सगळं गाव ‘उलटेराव’ म्हणतं. एसटीतून उतरून त्यांच्या खऱ्या नावानं घर विचारलं तर पारावरची माणसं एकमेकांकडं बघत बसतात. उलटेराव म्हटलं की शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडतं. हे नाव त्यांना कसं पडलं ती गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे, कारण ती मी सांगितलेली आहे. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, एकदा तर दहाव्याच्या घाटावर, कावळा शिवेना तेव्हा, लोकांचा वेळ जावा म्हणून सांगितली. ती गोष्ट थोडीशी चुकीची आहे. थोडीशी म्हणजे, लोक जिथं हसतात तेवढीच.

साडूभाऊंकडं साखळ्यांवर चालणारा एक जुना ट्रॅक्टर आहे. रणगाड्याची तोफ काढून ठेवली तर मागं जे उरेल, तसा. तो त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा धरणाचं काम संपल्यावर लिलावात घेतला होता. या यंत्राला चाकं नाहीत, स्टिअरिंग नाही. बसणाऱ्याच्या पुढ्यात नुसते दोन लोखंडी दांडे, एक डावा, एक उजवा. साडूभाऊ त्याला ‘म्हातारी’ म्हणतात, पण म्हणताना आवाज असा करतात की आक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, आतून भांडं आपटते. म्हातारीला सुरू करायला आधी तिच्या कुशीतलं पेट्रोलचं छोटं इंजिन हँडल मारून जागं करायचं आणि मग त्यानं डिझेलच्या मोठ्या इंजिनाला उठवायचं. “आधी सून उठती, मग ती सासूला उठवती,” असं ते प्रत्येक नव्या पाहुण्याला समजावतात. जुन्या पाहुण्यालाही समजावतात.

गोल स्टिअरिंगवर त्यांचा मुळीच विश्वास नाही. “थाळी धरून कुणी गाडी चालवतं व्हय?” असं ते विचारतात. मोटारीत बसले की दोन्ही हात मांड्यांवर मुठी वळून ठेवतात आणि वळण आलं की त्या बाजूची मूठ पोटाकडं ओढतात. ड्रायव्हरनं त्याच बाजूला गाडी वळवली की समाधानानं मान डोलावतात. एकदा संभाजीनगरला, गुलमंडीच्या बाजारात माझ्या कापडाच्या दुकानी आले असताना माझी स्कूटर त्यांनी नुसती सावलीत लावायला म्हणून घेतली. सवयीनं दोन्ही मुठी मागं ओढल्या. स्कूटर पायरी चढून आत आली आणि धोतरांच्या गठ्ठ्यांत शिरून थांबली. शेजारचे अत्तरवाले चाचा डोकावून म्हणाले, “क्या सेठ, पावणे डायरेक्ट गोदाम में?” साडूभाऊ गठ्ठ्यांतून उठले, धोतराचं पोत बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, “माल चांगलाय.”

शेतात मात्र हा माणूस वेगळाच. नांगरताना म्हातारीच्या पुढं आधी स्वतः चालत जाऊन बघून येणार, कुठं सरडा आहे का, कुठं अंडी आहेत का. एका वर्षी त्यांच्या काळ्याभोर नांगरटीच्या मधोमध घोंगडीएवढा हिरवा तुकडा तसाच राहिलेला होता. बांधावरून जाणाऱ्या धनगरानं विचारलं, “मालक, हितं काय समाधी हाय का?” “नाय,” साडूभाऊ म्हणाले, “टिटवी बसलीय. तिचं आटपू दे.” माणसांच्या बाबतीतही तसंच. पाहुणा हे त्यांचं दैवत. पाहुण्यानं खारट वरण गोड म्हटलं तर साडूभाऊ ते गोड म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेणार. हा गुण लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. सासरे, मेव्हणे, सगळे आक्काच्या गावी जमलो होतो आणि साडूभाऊ मला म्हातारीवरून शेत दाखवायला निघाले. मी मडगार्डवर बसलो, शहरातला जावई, इस्त्रीचा शर्ट. टेकडीवरच्या शेतातून गावाकडं यायला मोठा उतार आहे. उताराच्या पायथ्याशी रस्ता उजवीकडं वळतो आणि डाव्या हाताला त्या वेळी पाण्याच्या टाकीची नवीकोरी कोनशिला होती. टाकी नव्हती, नुसती कोनशिला. दुसऱ्या दिवशी तिच्यावरचा पडदा उघडायचा होता. म्हातारी थेट कोनशिलेवर गेली. फरशी फुटली, चबुतरा साखळीखाली गेला, पडदा मागच्या नांगराला अडकून निशाणासारखा घरापर्यंत आला. टाकी पुढं कधी झालीच नाही. लोक म्हणाले, यांनी अपशकुन केला. आणि मी त्याच दिवशी संध्याकाळी पारावर सासऱ्यांच्या देखत दोन्ही हात नाचवून सांगितलं, “अहो, वळायचं उजवीकडं, आणि हे डावीकडं नेतात! यांना डावं-उजवंच कळत नाही!” लोक लोळून हसले. सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. साडूभाऊही हसले आणि त्या रात्रीपासून उलटेराव झाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली विहीर गावाला मोकळी केली. अजून उन्हाळ्यात तिथं घागरींची रांग असते आणि रांगेतली माणसं पाणी भरता भरता ‘उलटेराव’ म्हणतात.

आता साडूभाऊंचे गुडघे गेले आणि जन्मभर इंजिनाशेजारी बसून कानही गेले. म्हातारी चालू आहे की बंद, हे ते तिच्यावर तळवा ठेवून ओळखतात. त्यांचा मुलगा संभाजीनगरात नोकरीला आहे. यंदा तो म्हणाला, “बापू, चालवणारं कुणी असंल तर राहू द्या. नुसती उभीच राहणार असंल तर दिवाळीनंतर भंगारवाल्याला बोलावतो.” गावातला एकही ट्रॅक्टरवाला त्या दोन दांड्यांना हात लावेना. शेवटी साडूभाऊंनी फोन केला आणि नेहमीप्रमाणं माझं काहीही न ऐकता ओरडले, “पावणं, दुकान पोराकडं दिलंय ना? मग या हिकडं. शिका.”

सत्तरी उलटल्यावर मी दांडे ओढायला शिकलो. सपाटीवर सोपं आहे. उजवा दांडा ओढला की उजव्या साखळीला इंजिनाची ओढ मिळत नाही, ती मागं पडते आणि म्हातारी उजवीकडं वळते. मी आक्काच्या अंगणाभोवती फेऱ्या मारल्या, तिची तुळस वाचवली, शेणाचा उकिरडा वाचवला नाही. आक्का म्हणाली, “भाऊजी, कापड फाडायचा हात हाय तुमचा. जरा हळू!” मग एके सकाळी साडूभाऊ मडगार्डवर चढून बसले आणि त्यांनी टेकडीकडं बोट केलं.

उतरताना वळण आलं. रस्ता उजवीकडं. ब्रेकचे पट्टे पहिल्यापासून झिजलेले, त्यांचा भरवसा नाही. मी उजवा दांडा ओढला आणि म्हातारी शांतपणे डावीकडं निघाली. मी आणखी ओढला, ती आणखी डावीकडं. मागून एक सुरकुतलेला हात आला, त्यानं माझा उजवा हात सोडवला आणि डावा दांडा ओढला. म्हातारीनं नाक उजवीकडं फिरवलं आणि आम्ही रस्त्याला लागलो.

“उतारावर उलटं असतं, पावणं,” ते माझ्या कानाशी ओरडले. “सपाटीला इंजिन साखळीला वढतं. उताराला आवरून धरतं. जिचा दांडा वढाल ती मोकळी सुटून म्होरं पळती.”

मी म्हातारी थांबवली. कारण मला कोनशिला फुटली त्या दिवसातली एक गोष्ट आठवली, जी मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी वळणावर त्यांचा हात डाव्या दांड्यावर होता. मी मडगार्डवरून ओरडलो होतो, “अहो, उजवा! उजवा ओढा! उजवीकडं जायचंय ना!” त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं होतं. खाली सासरे उभे होते. आणि त्यांनी पाहुण्याचा शब्द राखून उजवा ओढला होता.

“तेव्हा का नाही बोललात?” मी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडलो.

“तुमचं नवं लगीन. सासरा समोर. कसं बोलायचं?”

“पण नंतर?”

“नंतर तुम्ही गोष्ट लई झ्याक सांगत व्हता.”

त्याच संध्याकाळी मी पारावर गेलो आणि सगळं सांगितलं, दांड्यासकट, उतारासकट, माझ्या ओरडण्यासकट. लोक लोळून हसले. “साडू साडूची बाजू घेणारच!” एक म्हातारा म्हणाला. “पण ते हात नाचवून सांगा की, पहिल्यासारखं!” मी इतक्या वर्षांत ती गोष्ट एवढी घोटून ठेवली आहे की आता माझ्याच तोंडानं ती पुसली जात नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे. साडूभाऊंना हे आवडणार नाही. “नाव पडलं ते पडलं, पावणं,” ते म्हणाले. “आता बदललं तर पोस्टमन कुठं जाईल?”

दिवाळी झाली. भंगारवाला आला नाही. मी पंधरवड्यातून एकदा सिल्लोडची एसटी धरतो, सुनेला उठवतो, सुनेकडून सासूला उठवतो आणि आम्ही दोघं टेकडीवर जाऊन येतो. साडूभाऊ मडगार्डवर, एक तळवा तापल्या पत्र्यावर. उतार लागला की सुरुवातीला ते सांगायचे. आता सांगत नाहीत. माझा हात डाव्या दांड्यावर गेलेला बघतात, आणि मान वळवून आपले कपाशीकडं बघत बसतात.