आखाजीच्या शिव्या आणि आबांची विहीर

माझी जीभ तिखट आहे, हे माहेरीही ठाऊक होतं आणि सासरीही. पिंप्राळ्याला सासूबाईंपुढे ती आवरून धरावी लागे. पण वर्षातून एक दिवस असा यायचा की तिला मोकळं रान मिळायचं, आणि तो म्हणजे आखाजी, आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया.

माझं माहेर सोनगीरच्या पुढे, हमरस्ता सोडून आत. एका नाल्याच्या दोन काठांवर दोन लहान गावं. आखाजीला दोन्ही गावांच्या लेकी माहेरी आल्या, की दुपारी सगळ्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहायच्या आणि समोरच्या काठाला शिव्या घालायच्या. अधूनमधून गोटेही फेकायच्या. याला आम्ही ‘बार’ म्हणायचो. बारातल्या शिवीचा राग कुणी धरायचा नाही, असा रिवाज. पुरुष लांब लिंबाखाली बसून ऐकायचे आणि हसायचे.

पलीकडच्या काठावर माझी शाळेतली मैत्रीण असायची. वर्षभर आम्ही एकमेकींची वाट बघायचो आणि त्या दिवशी एकमेकींच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढायचो. तिच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. त्यांचं शेत पलीकडे, जरा वरच्या अंगाला. माझे वडील आबा. आबा आणि नाना एकमेकांशी बोलत नसत. भांडणाचं मूळ नाल्याचा काठ. नानांनी तो अगदी कडेपर्यंत नांगरला होता. खरं सांगायचं तर आबांनीही तेच केलं होतं, आणि वरच्या सगळ्यांनीच. वीतभर जमीन सोडायची म्हणजे जिवावर यायचं.

बहात्तरच्या दुष्काळात काठावरची उरलीसुरली झाडं जनावरांच्या पोटात गेली. नंतर पाऊस आला तो नुसता धावतच. वर अडवायला ना गवत, ना मुळी. नाल्याने आमच्या शेतात घळ पाडली. दर पावसाळ्यात ती घळ विहिरीकडे सरकायची. एका आखाजीला मी आले तर विहिरीच्या कठड्यापासून पलंग मावेल एवढीच जमीन उरली होती. आबा कडेला बसून खाली बघत होते. ही विहीर त्यांनी आणि आईने मिळून खोदलेली. आई गेली, विहीर राहिली. एक पावसाळा आणखी, की तीही जाणार हे त्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं. एकट्याने काही होणार नव्हतं. पाणी वरच्या शेतांतून यायचं, तिथेच ते अडायला हवं होतं. पण वरच्यांना सांगणार कोण?

दुपारी बारासाठी काठावर उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पहिली शिवी सुटली ती अशी:

“तुना बापनी काठ खादा, आते आमनी हीर बी खावाले निंघना का वं?”

ही बारातली नेहमीची शिवी नव्हती, हे सगळ्यांना कळलं. लिंबाखालचं हसणं थांबलं. मग मैत्रिणीने पदर खोचला आणि तितक्याच ताकदीने परत केली:

“तुना बापनं तोंड शिवेल शे का? एकदा तरी इचारं का त्यानी आम्हले?”

आता राग धरायची सोय नव्हती, दिवसच तसा होता. आणि ऐकलं नाही म्हणायचीही सोय नव्हती. दोन्ही गावांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आमच्या विहिरीपाशी आले. राम राम नाही, काही नाही. घळीकडे बघत म्हणाले, “धोंडा कोठे टाकू, सांग.” आबांनी बोट दाखवलं. एवढंच बोलणं झालं. पहिले दगड पडले ते बारासाठी आम्ही बायकांनी जमवलेले होते. नेम धरून मारायला गोळा केलेले गोटे ओच्यातून नाल्यात ओतताना आम्हाला हसू आवरेना.

मग वरच्या शेतवाल्यांनाही सामील होणं भाग पडलं. सावडीने काम चाललं: आज याच्या शेतापाशी सगळ्यांनी पाणी अडवायला दगडांची आडवी ताल रचायची, उद्या त्याच्या. दोन्ही काठांना प्रत्येकाने एका औताच्या रुंदीची जमीन सोडायची. तिथे नांगर नाही, गुरं नाहीत, आणि उन्हाळ्यात बांधावरचं गवत पेटवणं तर मुळीच नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. बांध पेटवल्याशिवाय शेत साफ झालं असं आमच्या माणसांना वाटतच नाही. नानांचे हात इतके शिवशिवायचे, की चैत्र लागला की त्यांची बायको त्यांच्या खिशातली काडीपेटी काढून घ्यायची. बिडी ओढायला ते शेजारी जायचे.

त्या पावसाळ्यात घळ जागच्या जागी थांबली. मला पोस्टकार्डाने कळलं तेव्हा मी पिंप्राळ्यात चुलीपुढे बसून रडले.

पण खरं नवल पुढे होतं. मी वर्षातून एकदाच जायची, म्हणून मला ते जास्त दिसलं असेल. पहिल्या वर्षी गुडघाभर मारवेलीचं गवत. पुढच्या वर्षी त्यात बाभळी, बोरी, आणि तोडलेल्या लिंबांच्या बुंध्यांना फुटलेले धुमारे. मग करंज, मग शिंदीची झाडं. मी आबांना विचारलं, “हे लावलं कोणी?” आबा म्हणाले, “कोनीच नही.” ते पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले, जणू त्यांचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. आम्ही फक्त हात मागे घेतला होता. मातीत बी केव्हापासून पडून होतं कुणास ठाऊक, आमचा पाय उचलला जायची वाट बघत. बाभळीवर सुगरणींचे खोपे लटकले. तितर ओरडू लागले. एका आखाजीला, ऐन वैशाखात, तालीच्या वर पाण्याचा डोह होता आणि त्यावर चतुर उडत होते. मी देवळात कधी जोडले नसतील अशा भावाने तिथे हात जोडले.

त्या वर्षी बारासाठी उभ्या राहिलो, तर समोरचा काठ दिसेचना. झाडीच एवढी. शिव्या ऐकू यायच्या, पण देणारी दिसायची नाही. गोटा कुणाला मारायचा? शोधायला गेलं तर गोटेही गवताखाली गेलेले. शेवटी दोन्हीकडून नुसत्या हसण्याचा आवाज आला.

पुढच्या हिवाळ्यात नाना गेले.

आखाजीला आम्ही पितरांसाठी कोरी घागर पाण्याने भरून पूजतो, वर आंबा आणि सांजोऱ्या ठेवतो. त्या सकाळी आबांनी विहिरीतून दोन घागरी भरून आणल्या. एक आईची. दुसरी कोणाची, ते मला कळलं, तरी म्हटलं, “नानांची घागर त्यांच्या घरी पूजतील ना, आबा?”

“पूजतीन,” आबा म्हणाले. “पन हाई पानी त्यानं शे.” आणि त्यांनी दुसऱ्या घागरीवर आंबा ठेवला.

दुपारी मी काठावर गेले. तोंडाला शिवी येईना. पलीकडच्या झाडीतून मैत्रिणीचा आवाज आला, नेहमीसारखाच, फक्त जरा बसलेला: “कोठे मरनी वं? जीभ गयी का तुनी?”

मी सगळा जोर लावून, शिवीच्याच चालीत ओरडले, “तुना बापनी घागर आमना घर शे वं!”

मग पाणी डुबुक डुबुक वाजायला लागलं. लुगडं गुडघ्यापर्यंत धरून ती नाला ओलांडून येत होती.